क्लासचा मोफत मेळावा : आखताना आणि ऐकताना



दहावीची परीक्षा संपली की पोफळीतली मुलं क्लाससाठी चिपळूणकडे बघू लागतात. मग क्लासवाले 'मोफत मार्गदर्शन मेळावा' घेतात. ही क्लासची जाहिरातच असते. त्यात गैर काही नाही. पण पालकांचे पैसे आणि मुलाचं वर्ष त्यावर ठरतं. म्हणून मेळाव्याची आखणी नीट हवी.

पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लाससाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

१. गुणांची किंवा रँकची हमी द्यायची नाही.

२. यशस्वी मुलांचे फोटो लावायचे तर निकालानंतर घेतलेली त्यांची लेखी संमती हवी. कोणता कोर्स, किती काळ केला, हेही लिहायचं. नुसती सराव परीक्षा दिलेलं मूल वर्षभर शिकलेलं म्हणून दाखवता येत नाही.

३. प्रवेश सोळा वर्षांनंतर किंवा दहावीच्या परीक्षेनंतरच.

४. पूर्ण फी भरून मुलाने क्लास मध्येच सोडला, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत.

आपण शिक्षकांनीही भान ठेवायचं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार आपल्याला खाजगी शिकवणी घेता येत नाही. शाळेतली मुलांच्या मोबाइल नंबरांची यादीही क्लासला देऊ नये.

पालकांनो, 'आजच प्रवेश घ्या, सवलत मिळवा' असं ऐकलं तरी माहितीपत्रक घेऊन घरी या. फी परतीचा नियम लेखी मागा. आणि क्लास सुटल्यावर पोफळीची एसटी मिळते का, तेही बघा.