नातीबरोबर चीन देशात



चीन देश आपल्या उत्तरेला आहे. मध्ये हिमालय पर्वत आहे. पर्वत ओलांडला की तिबेट लागतो आणि तिथून चीनचे राज्य सुरू होते. देश फार मोठा. आपल्या देशाच्या जवळजवळ तिप्पट. पण घड्याळ साऱ्या देशाचे एकच. आपल्याकडे दुपारचे बारा वाजले, की तिकडे अडीच वाजलेले असतात.

सन २०१९ साली मार्चअखेर आम्ही तो देश पाहिला. चिरंजीवांचे कारखान्याचे काम बीजिंग शहरात निघाले. त्यांनी बायकोला, मुलीला आणि आम्हांला बरोबर घेतले. आमची नात तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेतून आठ दिवसांची रजा काढली होती. आम्ही तिला एक वही दिली आणि बजावले, "रोज रात्री पाच ओळी लिहायच्या. काय पाहिले, ते शुद्ध लिहायचे."

तिने ओळी लिहिल्या नाहीत. ती पाट्यांवरची चिनी अक्षरे वहीत उतरवू लागली. दुकान दिसले, काढ अक्षर. स्टेशन आले, काढ अक्षर. आम्ही दोनदा रागावलो. "अगं, ही काय रांगोळी चालवली आहेस? समोर बघ की!"

या अक्षरांची गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे क, ख, ग आणि बाराखडी आली की कोणताही शब्द जुळवून वाचता येतो. चिनी लिपीत तसे नाही. तिथे प्रत्येक अक्षराला आपला अर्थ आहे. माणसाचे अक्षर म्हणजे दोन रेघा, चालत्या माणसाच्या दोन पायांसारख्या. तोंडाचे अक्षर म्हणजे चौकोन. डोंगराचे अक्षर म्हणजे खाली एक आडवी रेघ आणि तिच्यावर तीन उभ्या, मधली उंच. झाडाला एक अक्षर आहे. तेच दोनदा काढले की राई झाली. तीनदा काढले की दाट रान. ऐकायला मौज वाटते, पण सारीच अक्षरे अशी सोपी नाहीत. अशी हजारो आहेत. एकेक घोकावे लागते.

सन १९४९ मध्ये तिथे नवे राज्य आले. त्या वेळी दर दहा माणसांत आठ निरक्षर होती. मग गावोगाव वर्ग निघाले. सन १९५६ पासून पुष्कळ अक्षरांच्या रेघा कमी करून ती सोपी केली. शेतकऱ्याला १५०० अक्षरे आली, की तो साक्षर, असे माप ठरवले. कारखान्यातल्या कामगाराला २०००. दिवसभर नांगर धरायचा आणि रात्री दिव्याशी बसून पंधराशे अक्षरे गिरवायची! आपली बाराखडी त्या मानाने दयाळू आहे, बरं का.

बीजिंगमध्ये पहिल्या दिवशी जुना राजवाडा पाहिला. सन १४०६ ते १४२० या काळात तो बांधला. चोवीस बादशहा तिथे राहिले. आत सामान्य माणसाला पाऊल टाकायची मनाई होती. सन १९२५ पासून तिथे संग्रहालय आहे. आता कोणीही तिकीट काढून जावे. चौकामागून चौक, चालून चालून आमचे पाय भरून आले. नातीला सिंहासनापेक्षा अंगणातली मोठमोठी धातूची रांजणे आवडली. लाकडी वाड्याला आग लागली तर विझवायला त्यांत पाणी भरून ठेवीत. थंडीत पाण्याचे बर्फ होऊ नये, म्हणून रांजणाखाली विस्तव ठेवीत. म्हणजे आगीच्या भीतीने पाणी, आणि पाण्यासाठी पुन्हा विस्तव! नात यावर पुष्कळ वेळ हसत होती.

दुसऱ्या दिवशी चीनची मोठी भिंत. शहरापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर मुतियान्यू म्हणून जागा आहे. तिथे डोंगराच्या कण्यावरून भिंत साप गेल्यासारखी जाते. ही एक सलग भिंत नव्हे. निरनिराळ्या राजांनी दोन हजार वर्षांत तुकड्यातुकड्यांनी बांधली. सारे तुकडे मोजले तर लांबी २१,१९६ किलोमीटर भरते, असे चीन सरकारने २०१२ साली जाहीर केले. चंद्रावरून ती दिसते असे आम्ही स्वतः वर्गात शिकवले होते. ते खोटे आहे. एक गोष्ट मात्र खरी आहे. मिंग राजांच्या काळात विटा बसवताना चुन्यात चिकट तांदळाची पेज घालीत. त्याने बांधकाम घट्ट होई. वर चढायच्या पायऱ्या कुठे वीतभर, तर कुठे गुडघाभर. आम्ही तिसऱ्या बुरुजावर बसकण मारली. नात पुढे पळाली.

तिथून आगगाडीने शीआन शहरी गेलो. वाट बाराशे किलोमीटरांची, आणि गाडीने पाच-साडेपाच तासांत पोचवले. डब्यात उकळत्या पाण्याचा नळ होता. चिनी माणूस गार पाणी फारसे पीत नाही. प्रत्येकाजवळ झाकणाची बाटली, तीत गरम पाणी, वर चहाची पाने. ही सवय आम्हांला फार आवडली.

शीआनजवळ मातीची फौज आहे. तिची हकीकत कोणत्याही शेतकऱ्याने ऐकावी अशी आहे. सन १९७४ चा मार्च महिना. पाऊस नव्हता. काही शेतकरी मिळून विहीर खणत होते. पाणी लागेना. लागली ती भाजलेल्या मातीची डोकी, हातपाय आणि धातूचे बाण. सरकारी माणसे आली, खोदकाम वाढले, आणि जमिनीखालून सैन्यच निघाले! बावीसशे वर्षांपूर्वी छिन शी हुआंग नावाचा बादशहा होऊन गेला. मेल्यावरही आपली राखण व्हावी, म्हणून त्याने हे शिपाई करवून पुरले. ते सुमारे आठ हजार असावेत असा अंदाज आहे. पुष्कळ अजून मातीतच आहेत. शिपाई पुरुषभर उंच. पाय भरीव, धड पोकळ, डोके वेगळे घडवून बसवलेले. चेहरे मात्र निरनिराळे. कोणी मिशाळ, कोणी पोक्त, कोणी कोवळा पोर. कितीएक पुतळ्यांवर घडवणाऱ्या कारागिराचे नाव कोरलेले आहे. कौतुकासाठी नव्हे हो! काम वाईट निघाले तर धरायला सोपे जावे म्हणून. बादशहाची खुद्द कबर मात्र अजून उघडलेली नाही.

नात कठड्याला धरून उभी होती. तिने विचारले, "आजोबा, मग त्या लोकांना विहिरीला पाणी लागलं का?" आम्हांला उत्तर देता आले नाही.

त्याच शहरात विटांचा एक सात मजली मनोरा आहे. त्याचे नाते आपल्याशी आहे. ह्युएनत्संग नावाचा बौद्ध भिक्षू सन ६२९ मध्ये इथून निघाला आणि वाळवंट, बर्फाचे डोंगर तुडवीत आपल्या देशात आला. सन ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रातही आला होता. तेव्हा इथे दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने आपल्याविषयी लिहून ठेवले आहे. तो सन ६४५ मध्ये परतला, तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादलेले होते. ते ग्रंथ ठेवण्यासाठी सन ६५२ मध्ये हा मनोरा बांधला.

आता आमची फजिती सांगतो.

शीआनच्या जुन्या तटाच्या आत मुसलमान वस्तीचा बाजार आहे. संध्याकाळी तिथे जत्रेसारखी दाटी असते. एके ठिकाणी पट्ट्याएवढ्या रुंद शेवया मिळतात. त्या शेवयांच्या नावाचे अक्षर पन्नासाहून जास्त रेघांचे आहे. नात ते वहीत उतरवायला थांबली. आम्ही तिचा हात धरून उभे राहिलो. मान वर केली, तर चिरंजीव आणि सूनबाई दिसेनात.

आम्ही या गल्लीतून त्या गल्लीत गेलो. सगळ्या गल्ल्या सारख्याच. दिवे लागले. आमच्या फोनला तिथे रेंज नव्हती. हॉटेलचे कार्ड चिरंजीवांच्या खिशात. आम्ही इंग्रजीत विचारले, हिंदीत विचारले. लोक हसून हात हलवीत. चहूकडे पाट्याच पाट्या, लाल, पिवळ्या, आणि आम्हांला एकही वाचता येईना! तोंडाला कोरड पडली. नातीचा हात आम्ही इतका आवळला, की ती म्हणाली, "आजोबा, दुखतंय."

त्या वेळी आम्हांला आमच्या तालुक्याचे एस.टी. स्टँड आठवले. एकदा एक म्हातारबाबा आमच्याजवळ येऊन विचारू लागले, "गुर्जी, ही गाडी कुठं जाती?" एकदा सांगितले. थोड्या वेळाने दुसऱ्या गाडीचे विचारले. तिसऱ्या खेपेला आम्ही वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो, "पाटी लावली आहे ना एवढी मोठी? डोळे फुटले का?" बाबा काही बोलले नाहीत. बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांची गाडी लागली की चुकली, ते आम्ही पाहिले नाही. त्या गल्लीत आम्ही त्यांच्याच जागी उभे होतो.

नात म्हणाली, "आजोबा, आपल्या हॉटेलची पाटी माझ्याजवळ आहे." तिने वहीचे पान उलटले. पहिल्याच दिवशी तिने दारावरची पाच अक्षरे उतरवून घेतली होती. आम्ही ज्याला रांगोळी म्हणालो होतो, तीच ही.

अक्रोड विकणारी एक म्हातारी होती. तिला वही दाखवली. तिने चष्मा चढवला, पान दिव्याकडे धरले, एकेका अक्षराखाली बोट फिरवले. चौथ्या अक्षराशी ती अडली. मग हसली आणि नातीच्या हातची पेन्सिल घेऊन एक राहिलेला टिंब दिला. आता शब्द जुळला! तिने विचारले, "यिन्-दू?" म्हणजे हिंदुस्थान का? आम्ही मान हलवली. तिने वहीत ती दोन अक्षरे काढून दिली, नातीकडून गिरवून घेतली. मग आपल्या नातवाला आमच्याबरोबर धाडले. पोरगा आम्हांला थेट हॉटेलच्या दारात सोडून गेला. सूनबाई दारातच रडत बसल्या होत्या. चिरंजीव आम्हांला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

परतीच्या वाटेवर शिच्याच्वांग हे शहर लागते. तिथे आम्ही हट्टाने उतरलो. कारण तिथे आपल्या सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे.

सन १९३७ मध्ये जपानने चीनवर स्वारी केली होती. जखमींच्या सेवेसाठी आपल्या काँग्रेसने सन १९३८ मध्ये पाच डॉक्टर पाठवले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. बाकीचे परत आले. कोटणीस तिथेच राहिले. देशातून निघाले तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. चिनी भाषेचे एक अक्षर येत नव्हते. मोठेपणी बसून ते ती भाषा शिकले, बोलू-लिहू लागले. सन १९४१ मध्ये ते तिथल्या इस्पितळाचे प्रमुख झाले. क्वो छिंगलान नावाच्या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिन्हुआ. यिन् म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचे असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, डॉक्टर फेफऱ्याच्या आजाराने वारले. वय बत्तीस.

पुढे १९६२ साली दोन्ही देशांत लढाई झाली. आम्ही परत आल्यावर २०२० सालीही सरहद्दीवर रक्त सांडले. तरी ती समाधी त्या लोकांनी नीट राखली आहे. आम्ही गेलो, तेव्हा छिंगमिंग सण नुकताच होऊन गेला होता. आपल्याकडे जसा पितृपंधरवडा, तसा हा त्यांचा पितरांचा दिवस. लोक थडगी झाडून स्वच्छ करतात, फुले वाहतात. डॉक्टरांच्या पुतळ्यापाशीही फुले होती. सूनबाईंनी वाकून नमस्कार केला.

जवळच माहितीचा फलक होता. सगळा चिनीत. आम्ही नुसते पाहत राहिलो. नात वही उघडून फलकाशी गेली. बोट ठेवीत ठेवीत, ओळीमागून ओळ खाली आली. एका जागी थांबली.

"आजोबा, इकडे या. हे बघा, यिन्-दू!"

आम्ही तिच्या बोटाखाली पाहिले. तीच दोन अक्षरे होती.