बुडबुडा सावकाश सुटू दे

पृष्ठताण आणि तापमानाचा प्रयोग वाट्याला आला की पोरं आधी केशनलिका शोधतात. बारावीत हात तिच्यावरच बसलेला असतो. पण बाळा, इथे ती नको. नळीत पाणी किती चढणार हे ठरतं वरच्या खोलगट पृष्ठभागाशी. अर्ध्या मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत तो बीकरमधल्या पाण्याच्या जवळजवळ 3 सेंटिमीटर वर, बाहेरच्या हवेत असतो. थर्मामीटर खाली 60 अंश दाखवतो, तोवर वरचं पाणी गार झालेलं असतं. मग ताण एका तापमानाचा आणि जर्नलमध्ये लिहिलेला अंश भलताच.

म्हणून जेगरची पद्धत घे. तिथे बुडबुडा द्रवाच्या आत, नळीच्या टोकाशीच फुगतो. थर्मामीटरचा फुगा त्या टोकाला खेटून ठेव, म्हणजे जिथला ताण तिथलंच तापमान. शिवाय दर बुडबुड्याला पृष्ठभाग नवा, त्यामुळे त्यावर मळ साचायला फारसा वेळ मिळत नाही.

आता नीट लक्ष दे, कारण सगळा प्रयोग इथेच बिघडतो. पाण्याचा पृष्ठताण 20 अंशांना सेंटिमीटरला 72.8 डाईन, 70 अंशांना साधारण 64.5. पाव मिलिमीटर त्रिज्येचं टोक असेल तर या 50 अंशांत बुडबुड्याचा दाब पाण्याच्या स्तंभात जेमतेम 7 मिलिमीटरनं उतरतो. तुला शोधायचंय ते एवढंसंच आहे. तेवढ्यात गरम पाण्याची वाफ होऊन बीकरमधली पातळी 1 मिलिमीटर खाली गेली आणि तू सुरुवातीलाच मोजलेली खोली वजा करत बसलास, तर सहा-सात अंशांचा घोटाळा झाला म्हणून समज. टोक किती बुडालंय ते दर रीडिंगला नव्यानं मोज. पाण्याची घनताही त्या त्या तापमानाची घे. मॅनोमीटरमध्ये झायलॉल भर; ते पाण्याहून हलकं असल्यानं पातळ्यांतला फरक थोडा मोठा दिसतो.

पाणी आधी उकळून घे, म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाईल. रीडिंग तापवताना घेऊ नकोस. आधी पाणी तापव, बर्नर बाजूला कर आणि ते आपसूक निवताना घे. हलक्या हातानं ढवळ, पाणी स्थिर होऊ दे, मगच बघ. बुडबुडे दहा-बारा सेकंदांना एक, याहून घाई नको. बुडबुडा सुटण्याच्या ऐन आधी मॅनोमीटर सर्वांत वर जातो, तेच रीडिंग. भराभर सोडलेस तर मॅनोमीटरला तिथवर पोचायला सवडच मिळत नाही.

टोकाचा व्यास ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोज आणि स्क्रू एकाच बाजूनं फिरवत ने.

शेवटी आलेख बघ. रेषा सरळ, पण सगळीच एका प्रमाणात वर किंवा खाली सरकलेली, तर त्रिज्या चुकलीय. गार टोकाला जुळते आणि गरम टोकाला भरकटते, तर खोली किंवा थर्मामीटरची जागा तपास. आणि एकाच तापमानाला, सावकाश सोडलेल्या बुडबुड्यांनाही दर वेळी वेगळा, त्या तापमानाच्या अपेक्षित ताणाहून बराच खालचा आकडा येत असेल, तर कुठेतरी साबणाचा अंश राहिलाय. नळी आणि बीकर डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा खळबळून घे, टोकाला बोट लावू नकोस आणि पहिल्यापासून सुरुवात कर.