झोपेची तपासणी शिकायची? फी भरण्याआधी हे विचारा

तायांनो, गटातल्या कुणाची लेक-सून नर्स किंवा ईसीजी टेक्निशियन असेल, तर तिला स्लीप लॅबमधलं काम शिकता येतं. पेशंट झोपल्यावर श्वास अडकतो का, हे रात्रभर मशीनवर पाहायचं, असं हे काम. डोक्याला, छातीला वायरी लावायच्या. मग ३०-३० सेकंदांचे तुकडे करून नोंद वाचायची. आठ तासांचे ९६० तुकडे होतात! श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला, की तो मोजायचा.

नर्सला पेशंट सांभाळणं येतं, ईसीजीवालीला वायरी लावणं. दोघींना नवीन शिकायचं ते मेंदूच्या लहरी वाचणं. ते नुसत्या पुस्तकातून येत नाही, चालू लॅबमध्ये रात्री बसावं लागतं.

म्हणून गटातून कर्ज उचलण्याआधी तीन प्रश्न विचारा:

१) प्रत्यक्ष लॅबमध्ये किती रात्री बसायला मिळेल?

२) आरोग्य सहाय्यक व्यवसायांच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात स्लीप लॅब टेक्नॉलॉजिस्टचं नाव आहे. हा कोर्स त्या नियमांत बसतो का?

३) रात्रपाळीला जाण्या-येण्याची, राहण्याची सोय काय?

उत्तरं लेखी मिळाली, तरच कर्जाचा विषय बैठकीत घ्या. पैसा सगळ्या गटाचा आहे.