काँक्रीटची खेप आणि चालकाचे वेतन

सार्वजनिक कामावर राबणाऱ्या प्रत्येक कामगारास ठरलेले वेतन वेळेवर मिळते किंवा नाही, हे पाहणे लोकप्रशासनाचे कर्तव्य होय. सातारा व सांगली जिल्ह्यांना या विचाराचा वारसा आहे. रोजगार हमी योजनेचा प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे झाला. त्याचे प्रणेते होते वि. स. पागे. पुढे १९७७ मध्ये राज्याने त्यासाठी कायदा केला. मजुराचे नाव हजेरीपटावर यावे आणि त्या नोंदीवरून त्याला मजुरी मिळावी, ही शिस्त या योजनेने गावोगाव रुजविली.

हा हजेरीपट कामाच्या जागेचा असतो. पूल, रस्ते व इमारती यांसाठी लागणारे काँक्रीट मात्र आता अनेकदा दूरच्या प्रकल्पावर तयार होते आणि फिरत्या पिंपाच्या मिक्सर गाडीतून कामावर येते. ही गाडी चालविणारा कामगार कामाच्या ठेकेदाराच्या मस्टरवर नसतो. तो प्रकल्पाच्या किंवा वाहतूक ठेकेदाराच्या पदरी असतो. जेथे त्याला खेपेप्रमाणे पैसे दिले जातात, तेथे गाडी रिकामी होईपर्यंत थांबलेले तास हिशेबाबाहेर राहण्याचा संभव असतो.

कायदा काय सांगतो?

किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. वेतनविषयक चार जुने कायदे एकत्र करणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यातील पुढील तरतुदी चालकाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत:

१. किमान दरापेक्षा कमी वेतन देता येत नाही. खेपेवर काम दिले तरी हे बंधन सुटत नाही.

२. सामान्य कामाच्या तासांपेक्षा अधिक केलेल्या कामास नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट वेतन द्यावे लागते.

३. मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत दिले पाहिजे.

४. ठेकेदाराने वेतन दिले नाही, तर ज्या आस्थापनेत कामगार काम करतो तिच्या मालकावर ती जबाबदारी येते.

५. कमी वेतनाबद्दल तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. वेतन दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो.

महाराष्ट्रात किमान वेतनाचे दर उद्योग, परिमंडळ आणि कौशल्य यांप्रमाणे वेगळे असतात. त्यांना जोडून येणारा विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी बदलतो. त्यामुळे मागील वर्षीच्या दराने केलेला हिशेब यंदा बरोबर ठरेलच असे नाही.

परदेशातील एक उदाहरण

अमेरिकेत सरकारी बांधकामावर त्या भागातील प्रचलित वेतन द्यावे, असा संघीय कायदा १९३१ पासून आहे. मात्र काँक्रीट पोहोचविणारा चालक ‘कामावरचा’ कामगार मानावा काय, हा प्रश्न तेथेही होता. कॅलिफोर्निया राज्याने कायद्यात दुरुस्ती करून १ जुलै २०१६ पासून तयार काँक्रीट वाहणाऱ्या चालकांना हे वेतन लागू केले. त्याचबरोबर चालकाच्या वेळेची नोंद आणि प्रमाणित वेतनपत्रक सादर करण्याचे बंधन पुरवठादारावर घातले.

तीन कागदांचा मेळ

आपल्याकडे त्यासाठी नवा कागद निर्माण करण्याची गरज नाही. तयार काँक्रीटविषयीच्या ‘आयएस ४९२६’ या भारतीय मानकानुसार प्रत्येक खेपेबरोबर चलन असावे लागते. त्यावर गाडीचा क्रमांक, काँक्रीट भरल्याची वेळ, कामावर पोहोचल्याची वेळ आणि गाडी रिकामी झाल्याची वेळ नोंदवितात. काँक्रीट वेळेत वापरले गेले का, हे पाहण्यासाठी ही नोंद असते. पण हाच कागद चालकाच्या श्रमाचाही पुरावा आहे.

चलन, चालकाची हजेरी आणि बँकेत जमा झालेले वेतन या तीन नोंदी संगणकातील वेतन प्रणालीत एकत्र आणाव्यात. तारखेप्रमाणे लागू होणारा दर प्रणालीत भरलेला असला, की कमी पडलेली रक्कम नावानिशी दिसते.

एक कल्पित हिशेब पाहू. कराडजवळच्या प्रकल्पावर चालक सकाळी ७.३० ला हजर झाला आणि संध्याकाळी ६.३० ला गाडी धुऊन मोकळा झाला. एक तासाची विश्रांती वजा जाता काम १० तास झाले. ८ तासांचा रोज ६४० रुपये धरल्यास तासाचा दर ८० रुपये येतो. जादा २ तासांचे दुप्पट दराने ३२० रुपये. एकूण ९६० रुपये. त्याला चार खेपांचे प्रत्येकी २०० प्रमाणे ८०० रुपये मिळाले असतील, तर १६० रुपये कमी पडले. असे २० दिवस भरले, तर महिन्याची तूट ३,२०० रुपये होते. एखाद्या कुटुंबाच्या महिन्याच्या किराण्यात ही रक्कम मोठीच म्हटली पाहिजे.

प्रणालीत केवळ खेपांची संख्या भरली, तर ही तूट कधीच दिसणार नाही. म्हणून वेळेची नोंद मूळ चलनावरूनच घ्यावी आणि तिच्यावर चालकाची सही असावी.

आपण काय करू शकतो?

काम देणाऱ्या अधिकाऱ्यांनी निविदेच्या अटींतच चलनांच्या प्रती व वेतनपत्रक मागावे, आणि देयक मंजूर करण्यापूर्वी काही दिवसांच्या नोंदी ताडून पाहाव्यात. ग्रामपंचायत ही वेतन निरीक्षक नव्हे. परंतु गावातील काँक्रीट रस्त्याच्या कामावर आलेल्या गाडीचे चलन पाहणे, त्यावर पोहोचल्याची व सुटल्याची वेळ खरी लिहून घेणे, हे सदस्यांना सहज जमण्यासारखे आहे. तफावत आढळल्यास जिल्ह्यातील कामगार विभागाच्या कार्यालयास लेखी कळवावे. शिक्षकांनी वरीलसारखे हिशेब वर्गात घातले, तर अंकगणिताबरोबर हक्काचीही ओळख होईल. चालकांची मुले त्याच वर्गात बसलेली असतात.

रस्त्याच्या मोजमापात काँक्रीटचा प्रत्येक घनमीटर नोंदला जातो. ते काँक्रीट आणणाऱ्याचा प्रत्येक तासही त्याच काटेकोरपणे नोंदला गेला पाहिजे.