पट्टा दिसला की माणूस धरतो

कॅप्टन अमोल यादवांचं सहा आसनी विमान २०१६च्या फेब्रुवारीत मुंबईला ‘मेक इन इंडिया’त मांडलं गेलं, तेव्हापासून सुट्टीवर आलो की सातारा-सांगलीकडची पोरं मला गाठतात. यादव मूळचे पाटण तालुक्यातले. कांदिवलीच्या चारकोपात इमारतीच्या गच्चीवर त्यांनी ते विमान बांधलं. २०१७मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली आणि उड्डाणाच्या परवानगीला २०१९ उजाडलं. या मधल्या वर्षांतली कागदपत्रं कुणाला नको असतात. पोरं विचारतात इंजिनाचं, पंख्याचं, खर्चाचं. दाराचं अजून एकानंही विचारलेलं नाही.

मी सांगलीचा. वालचंद कॉलेजात मेकॅनिकल केलं, आता ओहायोत नोकरी करतो. तिथं हौशी माणसाला किट आणून घरच्या गॅरेजात विमान बांधता येतं; अट एवढीच की निम्म्याहून जास्त काम हौसेनं, शिकण्यासाठी केलेलं हवं. माझं चार आसनी आहे, दारं छताला बिजागरीनं लावलेली, पंखासारखी वर उघडणारी. दिसायला झकास. पण खुर्चीत बसून सीटबेल्ट आवळला की उघड्या दाराची कड डोक्याच्या वर आणि बाहेरच्या अंगाला राहते. हात पोचत नाही. त्यात दार वर तोलून धरणारा गॅसचा दांडा सुरुवातीला उलटा जोर लावतो. मग माणूस सीटबेल्ट काढून अर्धा उठतो आणि हाताला येईल ते ओढतो. बहुतेक वेळा हाताला येतो तो बंद करायचा हँडल, आणि नेमका तोच ओढायचा नसतो. म्हणून दाराला ओढपट्टा हवा.

माझे पट्टे मी सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका कुशनवाल्याकडून शिवून नेले. नायलॉनची रुंद पट्टी, टोकाला दुमड, दुमडीवर चौकोनी शिलाई आणि चौकोनात फुली. ट्रकच्या सीटा शिवणाऱ्या त्या माणसानं जाडी बोटानं चाचपली आणि म्हणाला, “शिवण जाणार नाही साहेब. जाईल तर तुमचा स्क्रू जाईल.” दाराच्या विज्ञानाबद्दल इतकं मुद्द्याचं मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

स्क्रू गेलाच. सासरे साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. आमच्यात त्यांना मामा म्हणतात. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, वजनदार गृहस्थ. पंखावर चढले, आत वाकले, समोर पट्टा लोंबताना दिसला, तो धरून त्यांनी सगळं अंग त्यावर टाकलं. कडकन आवाज झाला आणि पट्टा स्क्रूसकट त्यांच्या हातात आला. मामांना शरमल्यासारखं झालं. “जावईबापू, आमच्या गाडीत पट्टा दिसला की तो धरायलाच असतो की हो.” त्यांचं बरोबरच होतं. लोंबती वस्तू चढताना धरायची, ही सवय सूचनेच्या पाटीनं मोडत नाही.

ही दारं म्हणजे फायबरग्लासचे दोन पातळ पत्रे एकमेकांना चिकटवलेले, मधे पोकळी किंवा फोम. पत्र्यात नुसता स्क्रू पिळला तर तो सरळ ओढीला काही दिवस धरतो. आडवा हिसका बसला की भोक मोठं होतं. तिथं आतून ॲल्युमिनियमची पट्टी इपॉक्सीनं बसवून तिच्यात बोल्ट घ्यावा. ते जमत नसेल तर फोम कोरून ती जागा कापसाचे तंतू मिसळलेल्या इपॉक्सीनं घट्ट भरावी आणि मग भोक पाडावं. त्याआधी दाराचं आतलं अस्तर उघडून खिट्यांचे दांडे कुठून फिरतात ते पेन्सिलीनं आखून घ्या. बोल्टचं टोक त्या दांड्याला टेकलं तर खिटी अर्ध्यात अडकते आणि बाहेरून काहीच कळत नाही. मामांसारख्यांना चढायला केबिनच्या खांबाला वेगळी मूठ बसवली. पट्टा कितीही मजबूत करा, दारावर माणसाचं वजन येता कामा नये. दार वाकडं झालं की खिट्या भोकासमोर येत नाहीत.

लांबीचा घोळ याहून मोठा. कुशनवाल्यानं ऐसपैस पट्टी दिली होती. पट्टा नव्यानं बसवून आम्ही उडालो आणि चाकं जमिनीवरून सुटून वेग वाढतो तोच उजव्या अंगाला धाड्‌धाड्‌ सुरू झालं. इंजिनचा एखादा भाग सुटला असावा असाच तो आवाज. मामा घट्ट डोळे मिटून बसले. सगळे काटे जागेवर होते, इंजिन गुळगुळीत चालत होतं. चक्कर मारून उतरलो, तर पट्ट्याचं वीतभर टोक दाराखाली सापडून बाहेर आलेलं, आणि त्यानं तेवढ्या वेळात रंग खरवडून काढलेला. जुने वैमानिक सांगतात की सीटबेल्टचं टोक बाहेर राहिलं तरी असाच गोंधळ होतो, आणि त्या आवाजानं घाबरलेला माणूस नको ते करून बसतो.

खालच्या कडेजवळ पट्टा लावला तर दार सहज खाली येतं, कारण बिजागरीपासून ती जागा सर्वांत लांब. पण तिथूनच टोक बाहेर डोकावतं. मधोमध लावला तर टोक आत राहतं, मात्र जोर जास्त लागतो. दोन्ही एकदम साधत नाही. वैमानिकाच्या बाजूला मी वर आणि आखूड लावला; ओढायला थोडं जड जातं, ते चालतं. प्रवाशाच्या बाजूला खाली आणि लांब, पण टोकाला वेल्क्रो, दार लागलं की अस्तरावर चिकटवून टाकायचं. टोकाला फास ठेवू नका. हेडफोनची वायर, हात, चष्म्याची दोरी, काहीही त्यात अडकतं, आणि आग लागून बाहेर पडायची वेळ आली तर तो फास महागात जातो. टोक जाड दुमडून शिवलं की पकड मिळते. पट्टीचा तुकडा मोकळ्यावर पेटवून पाहा. ज्योत बाजूला केल्यावर तो विझला पाहिजे. आगीचा विषय निघालाच आहे तर, वर उघडणारं दार विमान उलटं पडल्यावर उघडत नाही. काच फोडायचा हातोडा हाताशी ठेवा, मागच्या डिकीत नको.

आता मुख्य गोष्ट. पट्ट्यानं दार खाली येतं, लागत नाही. अशा दारांना पुढे एक आणि मागे एक खिटी असते. पट्टा एका कोपऱ्यात असला तर हलकं दार पिळतं. पुढची खिटी भोकात जाते, मागची बाहेरून सरकते आणि हँडल मात्र पूर्ण फिरतो. व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-१० हे याच तऱ्हेच्या दारांचं किट-विमान. त्याची दारं हवेत उघडून उडून गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. पुढे कंपनीनं दार नीट लागलंय का ते सांगणारा दिवा दिला आणि वरून आणखी एक जादा खिटी दिली. किट कोणतंही असो, दिवा आणि जादा खिटी आधी, पट्टा त्यानंतर. दार ओढून झाल्यावर मी मागचा कोपरा तळहातानं बाहेर ढकलून बघतो आणि दोन्ही खिट्या डोळ्यांनी बघतो. प्रवाशाचं दार प्रवाशावर सोडत नाही, मग तो मेकॅनिकलचा प्राध्यापक का असेना.

आणि उडताना दार उघडलंच तर पट्टा धरून ते ओढून ठेवू, असं कुणाच्या डोक्यात असेल तर ढोबळ गणित करून पाहा. ताशी ३०० किलोमीटर वेगाला हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे ४,२०० न्यूटन येतो. केबिनच्या कुशीवर त्याच्या एक तृतीयांश जरी बाहेरची ओढ धरली आणि दार पाऊण चौरस मीटरचं धरलं, तरी शंभर किलोच्या वर जातं. एका हातानं? ते धरून दुसऱ्या हातानं विमान चालवणार?

यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगीला शेख इस्माईल या तरुणानं स्वतः हेलिकॉप्टर बनवलं होतं. २०२१च्या ऑगस्टमध्ये चाचणी घेताना पातं लागून तो गेला. हुन्नर थोडा नव्हता त्याच्याकडे. म्हणून पोरांना सांगतो, पट्ट्यासारखी किरकोळ गोष्टही आधी इंजिन बंद ठेवून, दुसऱ्या जाणत्या माणसासमोर तपासा. तिऱ्हाईत माणूस आत बसवा, काही न सांगता, आणि तो कशाला हात घालतो ते बघा. मामांच्या जागी आता मी नव्या पाहुण्यांना असंच बसवतो. कारखान्यातून आलेल्या प्रमाणित विमानाला असा पट्टा परवानगीशिवाय लावता येत नाही. घरच्या विमानात लावता येतो, कारण तिथं कारखानदार तुम्हीच. तेव्हा वहीत तारखेनिशी नोंद करा, आणि वार्षिक तपासणीत बोल्ट हलतोय का, शिवण विरलीय का, ते बघा. उन्हानं नायलॉन कडक होतं.

एवढं करूनही हवेत दार उघडलं, तर सीटबेल्ट सोडायचा नाही, दाराकडे वळायचं नाही. बाजूला बिजागरी असलेलं दार बहुधा चार बोटं उघडं राहून तिथंच थांबतं, विमान उडत राहतं. अपघात होतात ते वैमानिकाचं लक्ष उडालेलं असतं म्हणून. वर उघडणारं दार उपटून शेपटीवर आदळू शकतं, म्हणून वेग लगेच उतरवायचा, पण विमान कोसळेल इतका नाही. प्रवाशाला आवाज चढवून सांगायचं की हात मांडीवर ठेवा. मग नेहमीचा फेरा घेऊन नेहमीसारखं उतरायचं, आणि दार बंद करायचं ते चाकं थांबल्यावर.