मोटर बंद करताना ठिणगी का उडते?

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेला पाणी द्यायला पहाटेच मोटर चालवावी लागते. स्टार्टरचं लाल बटण दाबलं की झाकणाच्या फटीतून लख्ख ठिणगी दिसते. हिरवं दाबताना जेमतेम. सुरू होताना तर मोटर जास्त अँपिअर घेते. मग हे उलटं कसं? मोटरीत साठलेली वीज बाहेर पडते का?
– एक बागायतदार, निफाड

उत्तर : तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट अँपिअर ओढते, हेही खरं. पण त्या वेळी स्टार्टरचे पॉइंट एकमेकांना भिडत असतात, मधली फट मिटत असते. ठिणगीला जागाच उरत नाही.

बंद करताना गोष्ट वेगळी. मोटरीच्या वाइंडिंगमधून वीज वाहते तेव्हा भोवतीच्या लोखंडात चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ऊर्जा त्या क्षेत्रात असते. प्रवाह तुटू लागला की क्षेत्र ओसरतं, आणि ओसरणारं क्षेत्र त्याच तारेत दाब निर्माण करतं. हा दाब प्रवाह चालू ठेवू पाहतो. पाइपलाइनचा वॉल्व्ह झटकन बंद केल्यावर पाणी जसा दणका देतं, तसंच हे. या गुणाला स्वप्रवर्तन म्हणतात.

दाब किती चढेल, हे प्रवाह किती झटक्यात तुटतो त्यावर ठरतं. एक हेन्री स्वप्रवर्तनाच्या कॉइलमधला एक अँपिअर प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागात शून्यावर आणला, तर हजार व्होल्ट उभे राहतात! पॉइंट नुकते सुटलेले, फट केसाएवढी. तेवढी हवा फोडून प्रवाह पलीकडे जातो. तीच तुमची ठिणगी. आपली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून ती लगेच विझतेही.

तेव्हा ‘साठलेली वीज’ हे निम्मं खरं. साठते ती चुंबकीय क्षेत्रातली ऊर्जा, आणि प्रवाह थांबताच तीही संपते. अमेरिकेतले शिक्षक जोसेफ हेन्री यांनी 1832 मध्ये हेच नोंदवलं होतं : बॅटरीला जोडलेली आखूड तार सोडवताना ठिणगी जवळपास नसते, लांब तार वेटोळी करून जोडली तर ती जोरदार उडते. मापाला त्यांचं नाव मिळालं ते उगाच नाही.

आणखी एक गैरसमज जाता जाता. मोटरीला लावलेला कपॅसिटर ठिणगीसाठी नसतो आणि मीटरचे युनिटही तो फारसे वाचवत नाही. वाइंडिंगला क्षेत्र उभारायला लागणारा प्रवाह तो जागेवरच पुरवतो. त्यामुळे लाइनवरचे अँपिअर आणि डीपीवरचा ताण कमी होतो. महावितरण तो बसवा म्हणून मागे लागतं, ते यासाठी.

थोडी ठिणगी चालायचीच. ती वाढली, पॉइंट काळे पडून खड्डे पडले, तर कानशीने घासत बसू नका. वरचा चांदीचा थर निघून जातो. पॉइंट बदलून घ्या. त्याआधी मेन स्विच बंद करा आणि कपॅसिटरला लगेच हात लावू नका : सप्लाय गेल्यावरही वीज धरून बसतो तो कपॅसिटर, मोटर नव्हे.