पंख्याची स्लिप आणि जॅकप्लेटचा पाव इंच

१. स्लिप शून्यावर आणण्याच्या नादी लागू नये. बोटीच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) २५ पिच कोरलेलं असलं आणि पाणी लाकडासारखं घट्ट असतं, तर तो एका फेऱ्यात २५ इंच पुढे सरकला असता. पण पाणी मागे ढकललं जातं, बोट कमी सरकते आणि ही तूट म्हणजे स्लिप. पातं पाण्याला थोड्या कोनात भिडल्याशिवाय रेटाच मिळत नाही, त्यामुळे थोडी स्लिप हवीच. चांगल्या जुळवलेल्या बास बोटीला पूर्ण वेगात साधारण ८ ते १२ टक्के स्लिप मी योग्य मानतो. २० च्या वर गेली तर कुठेतरी बिघाड शोधावा. दोन-तीन टक्केच आली तर बहुधा गिअर गुणोत्तर चुकीचं धरलेलं असतं.

२. हिशोब कागदावर मांडावा. इंजिनाचे मिनिटाचे फेरे गुणिले पिच, त्याला गिअर गुणोत्तर गुणिले १०५६ ने भागायचं. उत्तर ताशी मैलांत येतं. माझ्या इंजिनाचं गुणोत्तर १.७५. ५८०० फेऱ्यांना २५ पिचचा पंखा ७८.५ मैल द्यायला हवा. जीपीएस ६८ दाखवत होता, म्हणजे स्लिप १३ टक्क्यांच्या जरा वर. वेग जीपीएसचाच घ्यावा. मी अलाबामातल्या गंटर्सव्हिल तलावावर जातो. तो टेनेसी नदीवरच्या धरणाचा, त्यामुळे पाणी सोडलं की प्रवाह जाणवतो. म्हणून दोन्ही दिशांनी पळवून सरासरी काढतो.

३. मासेमारीला जाताना असेल तेवढंच वजन चाचणीलाही ठेवावं. ४० गॅलन पेट्रोल म्हणजे सुमारे २४० पौंड, आणि मासे जिवंत ठेवायच्या टाकीतलं ३० गॅलन पाणी त्याहून थोडं जास्त. रिकाम्या बोटीचे आकडे सुखावतात, पण कामाचे नसतात.

४. खर्च करण्याआधी पंखा काढून पाहावा. पात्याची कड थोडी जरी दुमडलेली असली तरी पकड जाते. दुसरा संशय हबचा, म्हणजे पंख्याच्या मधल्या तुंब्याचा. आतलं रबर सुटलं की फेरे वाढतात, वेग वाढत नाही आणि माणूस त्याला स्लिप समजतो. हबच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर रंगाची एक सरळ रेघ ओढावी. जोर देऊन चालवल्यावर रेघ तुटलेली दिसली तर उत्तर मिळालं.

५. खरा फायदा इंजिनाच्या उंचीत आहे. जॅकप्लेट म्हणजे इंजिन वर-खाली करता येणारा कंस; त्यामुळे इंजिन बोटीच्या मागच्या फळीपासून लांब जातं. बोट पळताना तिथे पाणी वर उसळलेलं असतं, म्हणून इंजिन आणखी वर घेता येतं. खालच्या गिअरकेसचा जितका भाग पाण्याबाहेर, तितका अडथळा कमी. बोटीच्या तळाच्या पॅडखाली (मधल्या सपाट पट्ट्याखाली) पंख्याच्या दांड्याचा मध्य साधारण साडेतीन इंच ठेवून सुरुवात करावी आणि पाव-पाव इंचाने चढवत जावं. प्रत्येक वेळी फेरे, वेग आणि थंडाव्याच्या पाण्याचा दाब लिहून ठेवावा, आणि दुसरं काहीही बदलू नये. एकूण एक इंच चढवल्यावर माझे आकडे ५९०० फेरे आणि ७१ मैल असे झाले. स्लिप ११ टक्के. त्यापुढे चढवलं तेव्हा वळणावर पंखा हवा ओढू लागला: फेरे एकदम उडायचे, बोट बसायची. तिथून पाव इंच खाली आलो. थंडाव्याच्या पाण्याचा दाब पडू लागला तर त्याआधीच थांबावं, इंजिनापुढे दोन मैलांची किंमत काहीच नाही. या तलावात हायड्रिला वनस्पती भरपूर, ती पाणी ओढणाऱ्या छिद्रांवर चिकटते, म्हणून माझी नजर दाबाच्या काट्यावर असतेच.

६. उंची ठरल्यावर पिच. एक इंच पिच कमी केला की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. इंजिन बनवणाऱ्याने दिलेल्या पल्ल्याच्या वरच्या टोकाजवळ, पूर्ण वजनानिशी, फेरे यायला हवेत.

७. ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, वाढवत बोटीचं नाक उचलावं, पण बोट डावी-उजवीकडे डुलू लागली की लगेच खाली घ्यावं. चाचणीच्या धावेत इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवलेलीच हवी. २६ फुटांपेक्षा लहान बोटींना १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत तसा कायदाच आहे.

८. तीन पात्यांचा पंखा सरळ रेषेत बहुतेक वेळा वेगवान ठरतो. चार पात्यांचा वजन लवकर उचलतो, लाटांत आणि वळणावर पकड सोडत नाही. पहाटे वारा सुटलेला असताना, सोबत कुणी बसलेलं असताना, मी चार पात्यांचाच लावतो, मग कागदावर एक-दोन मैल कमी दिसोत.